मुकादम आणि अकरावा रकाना

इमारतीच्या फळ्यावर सूचना लागली, तेव्हा तराजूकाकांनी ती तीनदा वाचली. पहिल्यांदा मजकुरासाठी, दुसऱ्यांदा शुद्धलेखनासाठी आणि तिसऱ्यांदा सहीखाली शिक्का आहे की नाही ते पाहण्यासाठी. शिक्का होता, पण तिरका. वजनमापे निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला तिरका शिक्का दिसणं म्हणजे जेवताना दाताखाली खडा येणं.

सूचना साधी होती. इमारतीतल्या सर्व पाळीव प्राण्यांची नोंदणी एका महिन्यात नगर कार्यालयात करावी. नोंदणी नसलेला प्राणी इमारतीत ठेवता येणार नाही.

"काका, तुमच्या बोक्याचं बघा हं," सेक्रेटरी मागून म्हणाले.

"बोका नाही. ती बाई आहे."

"नाव तर मुकादम."

"बाईमाणसानं मुकादम होऊ नये असा नियम आहे का? असल्यास दाखवा."

सेक्रेटरींकडे असा नियम नव्हता. ते निघून गेले.

मुकादम हे नाव काकूंनी ठेवलेलं. घरात कुणी काही काम काढलं, मग ते पंखा पुसणं असो की उशीचे अभ्रे बदलणं, की ही समोर येऊन बसे. पंजे पोटाखाली, डोळे अर्धे मिटलेले. काम संपेपर्यंत जागची हलत नसे आणि स्वतः इकडची काडी तिकडे करत नसे. "बघ, आली मुकादम," असं काकू म्हणत. सात वर्षांपूर्वी जिन्याखाली सापडलेल्या ओंजळभर पिल्लाला त्या दिवसापासून हुद्दा मिळाला तो मिळालाच.

काकूंना जाऊन चार महिने झाले होते.

त्यांची लेक दोन बसथांब्यांवर राहायची. आई गेल्यावर ती रडली ती किती आणि कुठे, हे तिनं कुणाला कळू दिलं नाही. यादी मात्र केली. बँक, गॅस, वाचनालयाचं सभासदत्व, दुरुस्तीला टाकलेला चष्मा. एकेक काम निपटायचं आणि पुढे बरोबरची खूण करायची. आता यादीत एकच ओळ उरली होती: आईचा फोन.

"तो बंद करता येत नाही," काका म्हणायचे.

"का?"

"तांत्रिक अडचण आहे. मुकादमच्या चिपला जोडलाय."

हे खोटं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी मुकादमच्या मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवली होती. मांजर हरवलं, कुणाला सापडलं, की त्याच्या मानेवरून यंत्र फिरवायचं. यंत्रावर नंबर येतो आणि त्या नंबरावरून मालकाचा फोन सापडतो. तेव्हा काकूंनी स्वतःचा नंबर दिला होता. "यांचा नको लिहू बाई, हे उचलतात कुठे?" असं त्या काकांच्या देखतच म्हणाल्या होत्या.

त्यामुळे काकांचा दिवस असा सुरू होई: आधी मुकादमची वाटी, मग स्वतःचा चहा, आणि मधल्या वेळात शिवणमशीनच्या खणातला फोन चार्जिंगला. लेकीला यातली वाटी आणि चहा एवढंच माहीत होतं. फोन केव्हाच निपचित पडला असेल अशी तिची समजूत होती. काका तो का जागा ठेवतात हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. निरीक्षकाला कुणी प्रश्न विचारण्याची सवय नसते.

नोंदणीचा अर्ज लेकीनंच आणला. एकोणीस रकाने पाहून काकांचा चेहरा चार महिन्यांत प्रथमच उजळला. माणसं नातवंडं मांडीवर घेतात तसा त्यांनी तो अर्ज मांडीवर घेतला. मग त्यांची नजर अकराव्या रकान्यावर गेली. "चिपवर नोंद असलेल्या मालकाचे नाव व संपर्क क्रमांक. मालक हयात नसल्यास बदल अनिवार्य."

"बरं झालं," लेक म्हणाली. "मुकादम तुमच्या नावावर करू, नंबर तुमचा देऊ आणि तो फोन बंद करू. एकदाचं संपेल सगळं."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "अर्ज क्रमानं भरायचा असतो. अकराच्या आधी दहा येतात."

यावर कुणालाही आक्षेप घेता आला नसता. लेकीनं घेतलाही नाही. इथेच तिचं चुकलं.

पहिले तीन रकाने एका दुपारीत झाले. चौथ्यात गाडं अडलं. चौथा रकाना होता: जात. काकांनी शेजारपाजारी चौकशी केली. समोरच्या निवृत्त शिक्षिकाबाई म्हणाल्या, "पर्शियन लिहा हो. कोण बघायला येतंय?"

"पर्शियनला लांब केस असतात, बाई."

"मग गळले म्हणून लिहा."

सेक्रेटरींनी वेगळाच सल्ला दिला. "सयामी टाका, काका. सयामीला मान आहे." सेक्रेटरींनी आयुष्यात सयामी मांजर पाहिलं नव्हतं, पण इमारतीचा दर्जा वाढावा ही त्यांची तळमळ खरी होती.

काकांनी प्रामाणिकपणे "साधी" असं लिहिलं आणि अर्ज दाखवायला नगर कार्यालयात गेले. खिडकीतल्या कारकुनानं बोटानं यादी वरून खाली वाचली.

"साधी अशी जात नाही."

"नाही कशी? गावभर आहे."

"गावभर असेल. यादीत नाही. तज्ज्ञाचं पत्र आणा."

दुसऱ्या एखाद्या म्हाताऱ्यानं इथे डोकं धरलं असतं. काका घरी परतताना गुणगुणत होते. पत्र म्हणजे निदान आठवडा गेला.

वाटेत त्यांनी शंभर पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर "मार्जारविषयक संज्ञा" असं लिहून खाली दुहेरी रेघ मारली. एखाद्या क्षेत्रात उतरायचं तर आधी व्याख्या पक्क्या हव्यात, ही त्यांची नोकरीपासूनची शिस्त. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात ते मुकादमची टोपली एका हातात आणि वही दुसऱ्या हातात घेऊन हजर झाले.

"हिला डोमेस्टिक शॉर्टहेअर म्हणतात, काका. आखूड केसांची घरगुती. रंग ब्राउन टॅबी."

"टॅबी म्हणजे?"

"पट्टे. आणि कपाळावर हा एम दिसतो ना, तो."

काकांनी मुकादमचं कपाळ सात वर्षांत प्रथमच वाचलं. एम होता, आणि सरळ होता. सेक्रेटरींच्या शिक्क्यापेक्षा तर नक्कीच.

"तेवढं पत्र द्या मग."

"लस दिल्याचं देते. नसबंदी झाल्याचं देते. जातीचं मला देता येत नाही. माझा शिक्का तब्येतीचा."

हे ऐकून काकांना बाईंबद्दल अतोनात आदर वाटला. आपल्या अधिकाराची हद्द ओळखणारी माणसं आता राहिली कुठे? पण मग बाईंनी मुकादमला वजनकाट्यावर ठेवलं आणि तो आदर ढासळला.

"चार किलो चारशे साठ."

"शक्य नाही. आज सकाळी घरी चार किलो तीनशे ऐंशी भरलीय."

काकांच्या घरी निरोपसमारंभात मिळालेला पितळी तराजू होता. एका पारड्यात मुकादम आणि दुसऱ्यात वजनं, असं दर रविवारी चाले. मुकादम पारड्यात बसून समोरच्या वजनांकडे अशा नजरेनं बघे, की जणू तीच त्यांची तपासणी करतेय.

"ऐंशी ग्रॅमची तफावत! बाई, या काट्याची शेवटची पडताळणी कधी झाली?"

"पाणी प्यायली असेल हो काका."

"ऐंशी ग्रॅम?"

बाईंनी विषय बदलला. मुकादमच्या बरगड्या चाचपल्या आणि म्हणाल्या, "बॉडी कंडिशन स्कोअर नऊपैकी सात."

"सात काय?"

"सात म्हणजे जरा गुबगुबीत."

"एकक कोणतं?"

"एकक नसतं. हातानं चाचपून ठरवायचं."

काकांनी वहीत लिहिलं: "बॉडी कंडिशन स्कोअर. नऊपैकी. एकक नाही. चाचपून!" उद्गारचिन्ह त्यांनी नोकरीतल्या कुठल्याही अहवालात वापरलं नव्हतं. घरी आल्यावर आरशासमोर, कुणी बघत नाही अशी खात्री करून, त्यांनी स्वतःच्या बरगड्या चाचपल्या. चार महिन्यांत त्या बऱ्याच हाताला लागू लागल्या होत्या. नऊपैकी तीन. ही नोंद वहीत केली नाही.

जातीचा दाखला मांजरप्रेमी मंडळ देतं, असं डॉक्टरीणबाईंकडून कळलं. मंडळ तो वर्षातून एकदाच, आपल्या प्रदर्शनात देतं. प्रदर्शन मुदतीच्या तीन दिवस आधी होतं. घरगुती मांजरांचा वेगळा गट होता.

"बाबा, तुम्ही मुकादमला स्पर्धेत उतरवणार?" लेकीनं विचारलं.

"स्पर्धेत नाही. तपासणीला."

"आणि तीन दिवसांत अकरावा रकाना होणार का?"

"दहा झाल्याबरोबर," काका म्हणाले आणि वहीत डोकं घातलं.

प्रदर्शनाला मांजर आंघोळ घालून, नखं कापून आणावं असा नियम होता. आंघोळीचा बेत शनिवारी सकाळी ठरला. शिक्षिकाबाई कोमट पाणी म्हणत होत्या, सेक्रेटरी दारात उभे राहून गार म्हणत होते. मुकादमचं मत कुणी घेतलं नाही. तिनं ते नंतर सविस्तर दिलं. काकांच्या दोन्ही मनगटांवर, सेक्रेटरींच्या नव्या पायजम्यावर आणि पडद्याच्या वरच्या दांडीपर्यंत.

"आई कशी घालायची हिला आंघोळ?" लेकीनं पडद्यावरून मुकादमला सोडवताना विचारलं.

"घालायची नाही," काका म्हणाले. "ती म्हणायची, तिची ती घेते. आपण मध्ये पडू नये."

मग लेकीनं टिंक्चरची बाटली शोधली.

रविवारी दोघं टोपली घेऊन सभागृहात पोचली. आत लांबच लांब टेबलांवर पिंजरे मांडलेले, पिंजऱ्यांना झालरीचे पडदे आणि आत मखमली गाद्यांवर मांजरं बसलेली. बहुतेकांची बसण्याची व्यवस्था मालकांपेक्षा बरी होती. शेजारच्या टेबलावर मांजरांची पैदास करणाऱ्या एक ब्रीडरबाई आपल्या पांढऱ्या मांजरीला विंचरत होत्या. काकांनी वही उघडताच त्यांना उत्साह आला. ज्या मांजरीपासून पैदास करायची तिला क्वीन म्हणतात, नराला स्टड, आणि पणजोबांपर्यंतची नावं असलेल्या कागदाला पेडिग्री. काकांनी लिहिलं: "पेडिग्री. चार पिढ्या. आम्हांला स्वतःच्या तीनच ठाऊक."

"आणि हे पिल्लू?" काकांनी कोपऱ्यातल्या पिंजऱ्याकडे बोट दाखवलं.

"त्याच्या शेपटीत गाठ आहे. पेट क्वालिटी."

"म्हणजे?"

"म्हणजे प्रदर्शनाला नाही चालत. नुसतं घरात ठेवायचं, लाड करायचे."

काकांनी तेही लिहिलं. निवृत्त झाल्यापासून आपण कोणत्या गटात मोडतो, हे त्यांना कुणी इतक्या नेमकेपणानं सांगितलं नव्हतं.

"तुमची कोणत्या लाइनची, कुठल्या घराण्याची?" ब्रीडरबाईंनी टोपलीत डोकावून विचारलं.

"जिन्याखालची," काका म्हणाले.

घरगुती गटाची पाळी आली. परीक्षक मृदू आवाजाचे, उंच गृहस्थ होते. हातात पीस बांधलेली काठी, मागे चषकांची रांग आणि टेबलावर वजनकाटा. काकांची नजर मांजरांवरून, चषकांवरून फिरत काट्यावर स्थिरावली आणि तिथेच खिळली. काटा एका बाजूला कलला होता.

"बाबा, नको," लेक म्हणाली. तिला वडिलांची ती नजर लहानपणापासून ठाऊक होती. त्या नजरेपायी कुठल्याही दुकानात त्यांना दुसऱ्यांदा जाता येत नसे.

"नुसतं बघतो."

काकांनी टोपली खुर्चीवर ठेवली. वही काढताना टोपलीची कडी उघडली होती, ती तशीच राहिली. ते गुडघ्यावर बसले आणि टेबलाखाली डोकावले. टेबलाच्या एका पायाखाली कुणीतरी पुठ्ठ्याची घडी सारली होती. चौतीस वर्षांच्या नोकरीनं त्यांच्या हाताला एकच गोष्ट शिकवली होती. त्यांनी पुठ्ठा ओढला.

पुठ्ठा तिथे होता कारण टेबलाचा तो पाय आखूड होता.

टेबल कललं. परीक्षकांनी काटा सावरला, तो सावरताना त्यांचं कोपर मागे गेलं आणि चषकांच्या रांगेतला पहिला चषक दुसऱ्यावर पडला. एकूण चषक अकरा होते. शेवटचा खाली आपटेपर्यंत सभागृहातल्या यच्चयावत शेपट्या बाटल्या धुण्याच्या ब्रशासारख्या फुलल्या होत्या. त्या खणखणाटात टोपलीचं झाकण उघडलं. तपकिरी पट्ट्यांची एक रेघ खुर्चीवरून टेबलाखाली, तिथून दाराकडे गेली आणि दिसेनाशी झाली.

"मुकादम!" काका ओरडले. सभागृहाची देखभाल करणारा एक इसम लगबगीनं पुढे आला. तो खरोखरचा मुकादम होता. त्याची समजूत घालण्यात आणखी दोन मिनिटं गेली.

मग शोधाशोध सुरू झाली. सगळ्यांनी पडद्यांमागे बघितलं, खुर्च्या हलवल्या, आणि सल्ले दिले. कुणी म्हणालं डबा वाजवा. कुणी म्हणालं दारं लावा, कुणी म्हणालं उघडी ठेवा. ब्रीडरबाई काकांच्या जवळ येऊन मायेनं म्हणाल्या, "तिच्या मालकिणीला हाक मारायला सांगा ना. मांजर मालकिणीच्या आवाजाला येतं."

काका टोपलीची कडी लावू लागले.

"हो," लेक म्हणाली. "सांगतो."

अर्धा तास गेला. काका पायरीवर बसले. टोपली मांडीवर होती आणि तिच्यात नुसता बिछाना होता. काकूंच्या जुन्या ओढणीचा केलेला.

"माझ्या हातून गेली," ते म्हणाले. "तिनं सोपवली होती आणि पुठ्ठ्यापायी गेली."

"सापडेल हो बाबा."

"त्या काट्याशी मला काय करायचं होतं, सांग. मी निवृत्त आहे."

एवढ्यात त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात घणघण सुरू झाली. जुन्या काळ्या टेलिफोनची, घर दणाणून सोडणारी. लेक जागच्या जागी थबकली. असा आवाज फक्त एकाच माणसानं लावून घेतला होता, कारण स्वयंपाकघरातून दुसरा कुठला ऐकूच येत नाही म्हणे.

काकांनी फोन काढला. दोन्ही हातांनी. हिरव्या खुणेवर बोट ठेवायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

"हॅलो, मॅडम आहेत का?" पलीकडून एक मुलगी विचारत होती. "मी सभागृहातल्या प्रथमोपचाराच्या टेबलावरून बोलतेय. एक मांजर सापडलंय. चिपवर मॅडमचा नंबर आला."

"मॅडम… आत्ता नाहीत. मी त्यांच्या घरून बोलतोय. काय ते मला सांगा."

मुकादम त्या टेबलामागच्या खोलीत होती. तिथे वायरमन फ्यूज बदलत होता आणि ती त्याच्या समोर बसली होती. पंजे पोटाखाली, डोळे अर्धे मिटलेले. "हाकलली तरी जाईना," वायरमन तक्रारीच्या सुरात म्हणाला. "मी दोनदा वायर चुकलो. सारखं वाटत होतं, ही बघतेय."

मुकादमला कुठलाच चषक मिळाला नाही. निकालपत्रात तिच्या नावापुढे "रिंगमध्ये गैरहजर" असा शेरा पडला. दाखला मात्र मिळाला: डोमेस्टिक शॉर्टहेअर, ब्राउन टॅबी. परीक्षक सही करताना एवढंच म्हणाले, "काका, पुढच्या वर्षी आलात तर त्या पुठ्ठ्याला हात लावू नका."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी लेक आणि काका कार्यालयाच्या खिडकीपाशी उभे होते. दहा रकाने भरून झाले होते. त्याखालचा एक सोडून पुढचे आठही. काकांनी पेन अकराव्यावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"द्या इकडे," लेक म्हणाली.

तिनं मालकाच्या जागी वडिलांचं नाव लिहिलं. संपर्क क्रमांक लिहिताना तिला कुठेच बघावं लागलं नाही. तो तिला लहानपणच्या पाढ्यांसारखा पाठ होता. काका खांद्यावरून आकडे वाचत होते. दहावा आकडा झाला तेव्हा त्यांनी सोडलेला श्वास खिडकीतल्या कारकुनालाही ऐकू आला असावा.

कारकुनानं नोंदी ताडून पाहिल्या. "मालक बदलले. नंबर तोच?"

"तोच," लेक म्हणाली.

"पण हा तर आधीच्या मालकिणीचा होता. आता कुणाचा धरायचा?"

"मांजराचा," लेक शांतपणे म्हणाली.

कारकुनानं नियमांचं पुस्तक काढलं. वरून खाली बोट फिरवलं. मांजराला स्वतःचा नंबर असू नये, असं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं. त्यानं शिक्का मारला. काकांनी वाकून पाहिला. सरळ होता.

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसली. मग काकांच्या खिशात पुन्हा घणघण झाली. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघू लागली. काकांनी गडबडीनं फोन काढला. पडद्यावर नाव होतं: घाईबाई.

त्यांनी बाजूला बघितलं. लेक कानाला स्वतःचा फोन लावून बसली होती. तिनं वाकून पडद्यावरचं, आईनं तिच्या नंबरला दिलेलं नाव वाचलं. हसली. मग खिडकीबाहेर बघत राहिली, दोन थांबे जाईपर्यंत.

काका फोन कानाला लावूनच बसले होते. "हॅलो," ते अखेर म्हणाले. "काय काम आहे?"

"काही नाही," लेक खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली. "पडताळणी. चालू आहे ना, बघत होते."

"चालू आहे."

"मग मारा शिक्का."

"मारला," काका म्हणाले. "पण ही एकदा करून भागत नाही हं. दर वर्षी करावी लागते. नियम आहे."

"ठाऊक आहे," लेक म्हणाली आणि यादी काढून 'आईचा फोन' या शेवटच्या ओळीवर काट मारली.